फोन हरवला तर ठिपक्यामागे धावू नका: शोधायचं कसं आणि थांबायचं कुठे



आजचा धडा फोनचा आहे. आपल्या बऱ्याच घरांची आता दोन ठिकाणं झाली आहेत. बाप-काका बोटीवर, आणि मुलगा, सून किंवा मुलगी सुरतेत, पांडेसरात. कोणी जीआयडीसीतल्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये, कोणी लूमवर, कोणी दुकानात. दोन्ही घरांना जोडणारी दोरी म्हणजे फोन. मासळीचे पैसे जमा झाल्याचा मेसेज त्यावर येतो, बँकेचा ओटीपी त्यावर येतो, पोरांच्या शाळेचा ग्रुप त्यात, बोटीच्या कागदांचे फोटोही त्यातच. म्हणून फोन गेला की हातपाय गळतात, आणि गडबडीत माणूस दोन चुका करतो. एक, जे आधी करायचं ते राहून जातं. दुसरी, नकाशावर दिसलेल्या ठिपक्यावर जाऊन कुणाच्या तरी दारावर थापा मारतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. म्हणून या धड्यात आपण दोन गोष्टी बरोबरच शिकू: फोन शोधायचा कसा, आणि शोधताना दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत पाय कसा टाकायचा नाही.

१. पहिला तास

आधी साधं काम करा. दुसऱ्या फोनवरून आपल्या नंबरला रिंग द्या. बरेच फोन रिक्षात, चहाच्या टपरीवर, मिलच्या कपाटात किंवा बोटीच्या केबिनमध्ये राहिलेले असतात. कोणी उचलला तर आवाज चढवू नका. "भाऊ, फोन माझा आहे, तुम्ही कुठे आहात?" एवढंच विचारा. भेटायला चौकात, दुकानात, चार माणसांच्या जागी बोलवा. गुजरातीत बोलणारा असेल तर गुजराती येणारा माणूस शेजारी घ्या, म्हणजे गैरसमज होत नाही.

रिंग जाते पण कोणी उचलत नाही, किंवा फोन बंद लागतो, तर हा क्रम धरा.

पहिलं, गुगलच्या शोध सेवेत बघा. अँड्रॉइड फोनसाठी तिचं नाव आता "फाइंड हब" आहे. २०२५ पर्यंत ती "फाइंड माय डिव्हाइस" होती. आयफोनला "फाइंड माय" असतं. घरच्या कुणाच्या फोनवर ही सेवा उघडून तुमच्या स्वतःच्या खात्याने आत जा. तिथे तीन गोष्टी करता येतात. फोन सायलेंटवर असला तरी पाच मिनिटं मोठ्याने वाजवता येतो. लांबूनच लॉक करून पडद्यावर निरोप ठेवता येतो. आणि अगदी शेवटी, आतलं सगळं पुसता येतं.

पडद्यावरच्या निरोपात घरचा पत्ता लिहू नका. "हा फोन हरवला आहे, कृपया या नंबरवर कळवा" आणि घरातला दुसरा एक नंबर, बस्स. फोन कुणाच्या हातात आहे ते आपल्याला माहीत नसतं. त्याला आपल्या घरची वाट कशाला दाखवायची?

पुसण्याचं बटण घाईने दाबू नका. अँड्रॉइडमध्ये फोन पुसला की त्यानंतर तो या सेवेत दिसत नाही. पण फोनला लॉकच नव्हतं आणि आत बँक, आधार, घरच्या बायामुलींचे फोटो असतील, तर फोनपेक्षा आतला ऐवज मोठा. मग पुसलेलं बरं.

दुसरं, सिम बंद करा. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावा. त्याच कंपनीच्या दुसऱ्या सिमवरून १९८ लागतो. चोराला फोनचं लॉक उघडलं नाही तरी तो सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. म्हणून सिम तासाभरात बंद झालंच पाहिजे. फक्त रिंग वाजवून आणि जागा बघून झाल्यावर बंद करा, कारण सिम बंद झालं की फोनचा इंटरनेटही जातो.

तिसरं, बँकेला कळवा. युपीआय, एटीएम कार्ड, मोबाइल बँकिंग थांबवायला सांगा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन. ही देशभराची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. "उद्या बघू" म्हणून चालत नाही.

चौथं, डुप्लिकेट सिम घ्या. नवीन सिम चालू झालं तरी मेसेज यायला चोवीस तासांपर्यंत लागू शकतात. ही फसवणूक टाळायचीच सोय आहे, घाबरायचं कारण नाही. सिम चालू झालं की नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू करा. जुन्या फोनवरचं आपोआप बंद होतं.

आणि एक. ज्या भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवर तुम्ही आपलं गुगल खातं उघडलं, त्यातून काम झाल्यावर बाहेर पडा, म्हणजे लॉगआउट करा. नाहीतर तुमचे फोटो, नंबर, फिरल्याच्या जागा त्याच्या फोनमध्ये उतरत राहतात. त्याची इच्छा नसली तरी.

२. ठिपका काय सांगतो, काय सांगत नाही

आता मुख्य गोष्ट. नकाशावर हिरवा-निळा ठिपका दिसतो आणि माणसाला वाटतं, सापडला! थांबा. ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ असतं ते बघा. फोन त्या वर्तुळात कुठेतरी आहे, असा त्याचा अर्थ. ठिपका ज्या खोलीवर पडला त्याच खोलीत आहे, असं तो सांगत नाही.

उघड्या समुद्रात, मोकळ्या मैदानात जीपीएस काही मीटरपर्यंत बरोबर असतो. तुम्ही बोटीवर जीपीएसने जाळ्याची जागा गाठता, त्यामुळे तुमचा त्याच्यावर भरवसा बसलेला असतो. पण तिथे डोक्यावर आभाळ मोकळं असतं. पांडेसरात काय आहे? पत्र्याची शेड, सिमेंटच्या स्लॅबखाली मिल, एकाला एक चिकटलेल्या खोल्या, तीन-चार मजली इमारती. तिथे उपग्रहाचा सिग्नल अडतो, मग फोन आजूबाजूच्या वाय-फायवरून आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो. वर्तुळ मोठं होतं. त्या वर्तुळात वीस-पंचवीस दारं सहज येतात. शिवाय नकाशा मजला सांगत नाही. एकाच ठिपक्याखाली तळमजल्याचं दुकान, पहिल्या मजल्यावरचं कुटुंब आणि वरच्या खोलीतली पाळीची पोरं, सगळे येतात.

दुसरी गोष्ट वेळेची. ठिपक्याखाली "आत्ता" लिहिलंय की "४० मिनिटांपूर्वी", ते वाचा. फोन बंद झाला, चार्जिंग संपलं, नेटवर्क गेलं की शेवटची जागाच दिसत राहते. समुद्रात हे कायम होतं. बोट बंदर सोडून बाहेर गेली, टॉवर सुटला, की घरी दिसतं की माणूस अजून बंदरातच आहे. फोन पाण्यात पडला तर जिथे शेवटचं नेटवर्क होतं तीच जागा दिसते, पडला ती नाही.

म्हणूनच सांगतो, बोट वेळेवर परत आली नाही तर फोनच्या ठिपक्यावर विसंबून बसू नका. तो ठिपका बंदरात दिसतोय म्हणून निर्धास्त राहणं जीवावर बेतू शकतं. बंदरावर कळवा, संस्थेला कळवा, तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर लावा.

आता पांडेसरातल्या वस्तीचा विचार करा. खानदेशातले आपले मराठी लोक, ओडिशाचे, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार, गुजराती घरं, सगळे भिंतीला भिंत लावून राहतात. एका खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे आलटून पालटून झोपतात. अशा जागी चार जणांना घेऊन "फोन इथेच आहे, बाहेर काढा" म्हणून कुणाच्या खोलीत शिरलात, आणि फोन निघाला शेजारच्या गाळ्यात, तर? त्या पोरावर चोराचा शिक्का बसला. त्याची खोली जाईल, कदाचित कामही जाईल. मारहाण झाली तर गुन्हा तुमच्यावर. हरवलेला फोन दहा-बारा हजारांचा. गेलेली अब्रू कुठल्या दुकानात मिळत नाही. आणि खरोखर चोरच समोर आला तर तो एकटा असेल याची खात्री काय?

नियम सोपा ठेवा. ठिपका स्वतःच्या घरात, कामाच्या जागी, ओळखीच्या दुकानात किंवा रिक्षा थांब्यावर दिसला तर जा, फोन वाजवा, विचारा. ठिपका अनोळखी घरावर दिसला तर त्याचा स्क्रीनशॉट काढा, वेळ लिहा, आणि पोलीस ठाण्यात जा. तो फोटो ग्रुपवर "या घरात चोर आहे" म्हणून टाकू नका.

३. पंधरा आकडे: आयएमईआय

प्रत्येक फोनला पंधरा आकडी ओळख क्रमांक असतो, त्याला आयएमईआय म्हणतात. बोटीला जसा नोंदणी क्रमांक, तसा. बोटीचा मालक बदलला, रंग बदलला तरी क्रमांक तोच. तसं सिम बदललं तरी फोनचा आयएमईआय तोच. दोन सिमच्या फोनला दोन असतात. *#०६# दाबलं की पडद्यावर दिसतो. बिलावर आणि खोक्यावरही छापलेला असतो.

या क्रमांकावर चालणारी सरकारी व्यवस्था म्हणजे सीईआयआर. दूरसंचार विभागाने ती सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत, महाराष्ट्रासाठी सुरू केली, आणि मे २०२३ मध्ये "संचार साथी" या संकेतस्थळावरून सगळ्या देशाला खुली झाली. म्हणजे फोन पालघरात घेतलेला आणि पांडेसरात हरवलेला असला तरी काम एकाच ठिकाणी होतं.

पद्धत अशी. आधी पोलीस तक्रार करून तिची प्रत घ्या. डुप्लिकेट सिम चालू करा. मग संचार साथीवर "हरवलेला फोन ब्लॉक करा" या भागात नंबर, आयएमईआय, कंपनी-मॉडेल, हरवल्याची जागा-तारीख, पोलीस ठाणं आणि तक्रार क्रमांक भरा. तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि असल्यास बिल जोडा. ओटीपी आला की अर्ज पुरा होतो आणि एक विनंती क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा, फोनमध्ये नको!

साधारण चोवीस तासांत फोन देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद होतो. लोक विचारतात, "बंद केला तर मग सापडणार कसा?" सापडतो. कुणी त्यात सिम घातलं की त्याची नोंद यंत्रणेत होते, आणि ती माहिती पोलिसांकडे जाते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: तो फोन आता कुणाच्या नावाच्या सिमवर चालतोय हे पोलिसांना कळतं, तुम्हाला नाही. आणि तेच बरोबर आहे. कारण त्या माणसाने तो फोन बाजारातून सेकंडहँड म्हणून, पैसे मोजून घेतलेला असू शकतो. त्याचं नाव-पत्ता तुमच्या हातात आला तर पुढे काय होईल याचा भरवसा नाही.

फोन परत मिळाला की त्याच विनंती क्रमांकाने तो "अनब्लॉक" करून घ्या. हे विसरलं तर हातात फोन असून सिम चालत नाही.

काही जण विचारतात, संचार साथीचं अ‍ॅप फोनमध्ये घ्यावंच लागतं का? नाही. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी सरकारने नव्या फोनमध्ये ते आधीच घालून देण्याचा आदेश कंपन्यांना दिला होता. खासगीपणाच्या मुद्द्यावरून त्यावर देशभर आक्षेप आले, आणि ३ डिसेंबर २०२५ ला ती सक्ती मागे घेतली गेली. अ‍ॅप सोयीचं वाटलं तर घ्या. नको असेल तर संकेतस्थळावरून सगळं काम होतं.

४. पोलीस ठाण्यात जाताना

पांडेसरात फोन गेला तर पांडेसरा पोलीस ठाणं जवळचं. पण उधना, भेस्तान, सचिन असं फिरताना कुठे पडला ते माहीत नसेल तर हद्दीवरून अडून राहू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्ह्याची खबर कुठल्याही हद्दीत झालेल्या गुन्ह्यासाठी देता येते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळायला पाहिजे. गुजरातेत २०२२ पासून मोबाइल चोरीसाठी ई-एफआयआरची सोयही आहे, ऑनलाइन भरता येते. चोर अनोळखी असेल आणि जबरदस्ती झालेली नसेल तेव्हा.

तक्रार गुजरातीत लिहिली जाते. सही करण्याआधी ती कुणाकडून तरी वाचून घ्या. दोन शब्द लक्षात ठेवा: "खोवाई गयो" म्हणजे हरवला, "चोराई गयो" म्हणजे चोरीला गेला. खिशातून काढून घेतलेला फोन कागदावर नुसता "हरवला" म्हणून लिहिला गेला तर विम्याला आणि तपासाला फरक पडतो. तसंच, खरोखर विसरलेला फोन "चोरीला गेला" म्हणून सांगू नका, आणि संशय म्हणून शेजाऱ्याचं नाव नुसत्या ठिपक्यावरून देऊ नका. जे पाहिलं ते सांगा. जे वाटतं ते "वाटतं" म्हणूनच सांगा.

डहाणू, पालघरकडून सुरतेला येताना गाडीत फोन गेला तर रेल्वेचा १३९ नंबर किंवा रेल मदद, आणि उतरल्यावर रेल्वे पोलीस. रेल्वे सुरक्षा दलही २०२५ पासून सीईआयआरशी जोडलं गेलं आहे.

गुजरात पोलीस सापडलेल्या वस्तू मालकांना परत देण्यासाठी "तेरा तुझको अर्पण" नावाचा कार्यक्रम घेतात. त्यात मोबाइलही असतात. महिने गेले तरी फोन परत येऊ शकतो. म्हणून बिल आणि तक्रारीची प्रत फेकू नका.

५. खोट्या वाटा

"मोबाइल नंबर टाका, लोकेशन बघा" अशी अ‍ॅप आणि जाहिराती खूप दिसतात. नुसत्या नंबरवरून जागा कुणालाही सांगता येत नाही. ती माहिती टेलिकॉम कंपनीकडे असते आणि ती कायद्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यालाच, ठरलेल्या पद्धतीने मिळते. ही अ‍ॅप तुमचाच फोनबुक, तुमचेच मेसेज उचलतात. "ओळखीचा माणूस आहे, पाचशे रुपयांत टॉवर लोकेशन काढून देतो" म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा. आज तो तुमच्यासाठी दुसऱ्याचं काढतोय, उद्या दुसऱ्यासाठी तुमच्या बायकोचं काढेल.

दुसरा डाव असा: चार दिवसांनी मेसेज येतो, "तुमचा फोन सापडला, इथे दाबा." लिंक उघडली की पासवर्ड किंवा पिन मागतात. देऊ नका. चोराला फोनचं लॉक तोडायला तोच हवा असतो. आयफोनच्या बाबतीत "खात्यातून फोन काढून टाका, मग परत देतो" असंही सांगतात. काढलात की फोन त्याचा झाला.

६. शोधणं आणि पाळत ठेवणं

इथपर्यंत हरवलेल्या फोनचं झालं. पण ज्या सोयीने आपला फोन सापडतो, त्याच सोयीने दुसऱ्याचा माणूसही दिसतो. आपल्या घरांत आणि बोटींवर हे रोज घडू शकतं, म्हणून स्पष्ट बोलूया.

बोटमालक खलाशाला फोन घेऊन देतो आणि सोयीसाठी त्यात स्वतःचंच गुगल खातं घालतो. हेतू चांगला असेल. पण त्या दिवसापासून खलाशी कुठे गेला, कुणाचे फोटो काढले, हे मालकाला दिसू शकतं. खलाशाला ते माहीतही नसतं. बंदी लागली, खलाशी गावी गेला, तरी ठिपका मालकाच्या फोनवर फिरत राहतो. हे बरोबर नाही. आणि याचा उलट तोटाही आहे: फोन खलाशाचा हरवला तरी तो शोधायला मालकाच्या खात्याचा पासवर्ड लागतो.

काही जण म्हणतील, "बोटीवर ट्रान्सपाँडर बसवतात, ते चालतं, मग फोन का नाही?" प्रश्न योग्य आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते या योजनेची देशपातळीवर सुरुवात झाली. एक लाख मच्छीमार नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची ती योजना आहे. पण ट्रान्सपाँडर बोटीचा आहे. तो कशासाठी आहे, कोण बघतं, कधी बघतं, हे मालक, तांडेल, खलाशी सगळ्यांना ठाऊक असतं. बोट किनाऱ्याला लागली की खलाशाचा पुढचा वेळ त्याचा स्वतःचा. फोन मात्र त्याच्या खिशात घरापर्यंत जातो, दवाखान्यात जातो, देवळात जातो. बोटीची जागा कामाची गोष्ट आहे. माणसाची जागा त्याने सांगितली तरच आपली.

घरातही तेच. पांडेसरात रातपाळी करून येणाऱ्या सुनेची, मुलीची काळजी वाटते, वाटणारच. मग तिला विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर चालू लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांसाठी पाठवता येतं. ती स्वतः पाठवते, वेळ संपली की आपोआप बंद होतं, आणि मधेच तिला बंदही करता येतं. गुगल मॅप्सवरही एका तासासाठी वाटता येतं. घरी पोचेपर्यंत बघितलं, झालं. यात काळजीही आहे आणि तिचा मानही.

पण तिच्या फोनमध्ये गुपचूप अ‍ॅप टाकणं, तिचं व्हॉट्सअ‍ॅप आपल्या फोनशी जोडून ठेवणं, हे काळजीत बसत नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बायांनो, तुम्हीही आपल्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून बघा. तुमचं नसलेलं यंत्र दिसलं तर तिथूनच काढून टाका.

७. फोन आपल्याला सापडला तर

बंदरावर, लिलावाच्या जागी, रिक्षात फोन सापडतो. मालकाचा फोन येईल म्हणून तो चालू ठेवा. फोटो, मेसेज चाळू नका, "कुणाचा आहे बघूया" म्हणूनही नाही. लॉक पडद्यावर आपत्कालीन संपर्क लिहिलेला असेल तर तिथे फोन लावा. एक दिवसात कोणी आलं नाही तर पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. सापडलेली वस्तू मालक शोधायचा प्रयत्न न करता स्वतःची म्हणून वापरणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा होतो.

मालक म्हणून कोणी आलं तर नुसत्या बोलण्यावर देऊ नका. लॉक उघडून दाखवायला सांगा, किंवा बिलावरचा आयएमईआय जुळवा.

सेकंडहँड फोन घेताना तर आधी तपासाच. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. फोन ब्लॉक केलेला किंवा बनावट क्रमांकाचा असेल तर कळतं. बिल नसलेला, अर्ध्या किमतीचा फोन म्हणजे बहुधा कुणाच्या तरी घरातली रडारड. आणि आयएमईआय बदलून देणाऱ्याच्या नादी लागू नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे.

८. आज रात्री घरी करायचं काम

फोन हातात आहे तोवरच हे करता येतं. जेवण झाल्यावर घरातले सगळे फोन समोर घ्या आणि एकेकाचं करा.

• *#०६# दाबून आयएमईआय वहीत लिहा. बिल त्याच वहीत चिकटवा. एक प्रत पांडेसराच्या घरी, एक गावी.

• गुगल खातं कुणाचं आहे ते बघा. बऱ्याच फोनमध्ये खातं दुकानातल्या पोराने उघडून दिलेलं असतं. आपल्याला ना आयडी माहीत, ना पासवर्ड, आणि त्याला मात्र दोन्ही माहीत. पासवर्ड आजच बदला. ज्याचा फोन, त्याचं खातं.

• खात्याला दोन टप्प्यांची तपासणी लावली असेल तर कोड हरवलेल्याच फोनवर जाण्याची अडचण होते. म्हणून गुगलचे दहा "बॅकअप कोड" कागदावर उतरवून घरात ठेवा. एक कोड एकदाच चालतो.

• फाइंड हब चालू आहे का बघा, आणि एकदा दुसऱ्या फोनवरून वाजवून बघा. सराव झालेला असला की वेळेला हात थरथरत नाही.

• स्क्रीन लॉक लावा. १२३४ किंवा जन्मसाल नको. सिमलाही पिन लावता येतो. पण तीन वेळा चुकला की कंपनीकडून पीयूके क्रमांक घ्यावा लागतो, तेव्हा लिहून ठेवा.

• लॉक पडद्यावर घरातला एक आपत्कालीन नंबर टाका. फोन सापडणाऱ्यालाही उपयोगी, आणि अपघात झाला तर डॉक्टरलाही.

• बोटीचे कागद, बँक पासबुक, आधार यांचे फोटो फोनच्या गॅलरीत उघडे ठेवू नका.

• बोटमालकांनी आपल्या खलाशांच्या फोनमधून आपलं खातं काढून त्यांचं त्यांना उघडून द्यावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

हा धडा पांडेसरात असलेल्या आपल्या पोरांना आणि गावी असलेल्या म्हाताऱ्यांना दोघांनाही पाठवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, आणि त्यांचा फोन त्यांच्यासमोरच, त्यांना विचारूनच, नीट करून द्या. अर्ज भरताना कुठे अडलं तर संस्थेच्या कार्यालयात कागद घेऊन या, सोबत बसून भरू. पासवर्ड मात्र आम्हालाही सांगू नका.